आईकडून

दादांची वही शाळेतली आहे, दोनशे पानी.
वर माझंच नाव, इयत्ता सातवी ब,
आत मेंढ्या.
दिवाण – भुरकीचा. भुरकी – काजळीची.
काजळी – लंबकानीची.
लंबकानी जतच्या बाजारातून गाभण आणलेली,
आई माहीत नाही.
तिथं दादांनी फुली मारलीय,
पेन इतकं दाबून
की मागच्या पानावर उठलीय.

वही पहिल्यांदा एवढ्यासाठीच घातली,
भाऊबहीण एकत्र पडू नयेत म्हणून.
पुढं दादांना नाद लागला.
मेंढा कुणीही बघतं, ते म्हणतात,
राघूच्या चोचीसारखं नाक, छातीचा घेर,
माणसं फोटो काढतात.
पण दूध, आणि पडल्या पडल्या
कोकराला चाटून उभं करायची घाई,
ही आईकडून येते.

सुप्याच्या वरच्या अंगाला आमचं माळ.
निम्म्यावर आता प्लॉटच्या चुन्याच्या रेघा,
मेंढ्या त्या ओलांडत चरतात,
कुणाच्या भावी हॉलमधून कुणाच्या बेडरूममध्ये.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री
धुळा आणि मी दिवाणला रिठ्याच्या पाण्यानं धुतला,
खूर कानशीनं घासले,
कपाळाला तेल.
तो उभा राहिला
बघायच्या कार्यक्रमाला बसवल्यासारखा.
(मी दोनदा बसलेय. मला चेहरा ओळखता येतो.)
पिकअपमध्ये खाली भुसा, वर ताडपत्री,
मोरगावपर्यंत मी त्याच्या अंगाला टेकून,
थंडी होती
आणि तो चुलीसारखा ऊबदार.

बारामतीत पंचांनी टेप लावली,
ओठ वर करून दात मोजले,
कण्यावरून अंगठा फिरवला.
दुसरा नंबर.
धुळ्यानं ढाल उलटी धरली होती, फोटोतही तशीच आलीय.

शिक्रापूरचा एक जण, हातात दोन फोन,
म्हणाला, साडेचार लाख, आत्ता.
मला वाटलं, दादा रागावतील.
दादांनी दिवाणच्या कानामागं खाजवलं,
कासरा त्याच्या हातात दिला.
मेंढा विकायलाच असतो, म्हणाले.
तो खूश झाला, म्हणाला,
मग ह्याची आई पण द्या की, सांगाल ती किंमत.
दादा नोटा मोजत होते.
मान वर न करता म्हणाले,
ती नाही.

येताना गाडी हलकी, खड्ड्याखड्ड्यात आपटत होती.
भुसा ओला होता, त्याच्या बसण्याच्या आकाराचा.
कुणी बोललं नाही.

घरी भुरकी व्यालेली.
जुळं. एक नर, एक मादी.
दादांनी हात धुतले, चष्मा लावला,
वही मांडीवर घेऊन बसले, पोथी घ्यावी तसे.
मग जेवायला गेले, वही तशीच उघडी.

मी शेवटचं पान काढलं.
लिहिलं: मी – शेवंताची.
शेवंता – गोजराची.
गोजरा –
आई भाकरी थापत होती.
विचारलं, आजीच्या आईचं नाव काय?
तिचा हात परातीत थांबला.
थोरली म्हणायचे सगळे, म्हणाली.
आणि नाव?
असंल की.
भाकरी तव्यावर पडली, तिनं पाणी फिरवलं.
कुणी लिहितं का असलं, म्हणाली,
आणि थोड्या वेळानं, तव्याकडंच बघत:
लांब हात होते तिचे म्हणं. माझ्यासारखे.

मी फुली मारायला पेन टेकवलं
तेवढ्यात धुळ्याची हाक:
मादी पीत नाही, बॅटरी आण.

वाघरात भुरकी फुरफुरत उभी.
मी सडाची पहिली घट्ट धार जमिनीवर काढली,
दुसरी बोटावर घेतली, बोट कोकराच्या तोंडात.
नुसतं गार तोंड, काही नाही.
काही नाही.
भुरकीनं मागून मला ढुशी दिली, सरक म्हणाल्यासारखी,
त्याचं शेपूट चाटलं,
आणि माझं बोट
आत ओढलं गेलं.